अप्पा आणि हजेरी एक पॉइंट तीन

मन्मथअप्पांसमोर कुणी ‘चालतंय’ म्हणालं की अप्पा मान तिरकी करून विचारतात, “कोणासंगं?”

पंखा चालतोय म्हणा, मिक्सर चालतोय म्हणा, उत्तर एकच. एकदा रक्तदाबाची गोळी लिहून देताना डॉक्टर म्हणाले, “ही गोळी चांगली चालते, अप्पा.” अप्पा म्हणाले, “कोणासंगं?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चौकशी केल्यावर कळलं की अप्पा गुडघ्यासाठी उदगीरच्या एका वैद्याचा काढा तीन महिने घेऊन राहिलेत, आणि त्या काढ्याचं आणि ह्या गोळीचं अजिबात पटत नाही. तेव्हापासून ते डॉक्टर प्रत्येक पेशंटला आणखी काय काय घेता ते विचारतात. सगळीकडे मात्र असा मान मिळत नाही. शेजारचे पंचाक्षरीकाका कौतुकानं सांगत होते, “लेकीचा संसार मस्त चाललाय सोलापूरला.” अप्पांच्या तोंडून सवयीनं गेलं, “कोणासंगं?” पंचाक्षरीकाका चार महिने बोलले नाहीत.

आमचं, म्हणजे अप्पांचं आणि माझं, ऑफिस लातुरात, क्लासेसच्या गल्लीत. ह्या गल्लीत दर दुसऱ्या इमारतीवर हसऱ्या पोरांचे फोटो आणि खाली टक्के. खाली जावेदभाईंच्या घरची छापखान्याची मशीनं, वर आम्ही. जावेदभाईंच्या आजोबांनी उर्दूतून लग्नपत्रिका छापल्या, वडिलांनी क्लासेसचे पेपर छापले, आणि पेपर काढायलाही संगणक लागायला लागला तेव्हा जावेदभाईंनी वर सॉफ्टवेअरचं दुकान टाकलं. आम्ही चार प्रोग्राम विकतो. प्रवेश, हजेरी, पेपर आणि निकाल. क्लासवाल्याला आणखी काही लागत नाही. शिकवायचं तो स्वतः बघतो.

हे चारही प्रोग्राम एका पाचव्यावर उभे आहेत. त्याचं नाव ‘पाया’. नाव कसं लिहायचं, तारीख कशी मोजायची, रोल नंबर कसा लावायचा, हे सगळं पायात. मी खानावळीतून आलेली बाई, मला हे कांदा-खोबऱ्याच्या वाटणासारखं कळलं. चार भाज्या, वाटण एक. वाटणात मीठ वाढवलं तर चारी भाज्या चाखून बघाव्या लागतात. वांग्याला बरं लागलं म्हणून आमटीला लागेलच असं नाही.

अप्पांचा सगळा जीव ह्या चाखण्यात. जुन्या रद्द पेपरांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून त्यांनी भिंतभर एक तक्ता केला होता. निकाल चार पॉइंट दोन, पाया पाचसंगं, पटतं. पेपर तीन पॉइंट सहा, पाया पाचसंगं, पटतं, पण जपून. प्रवेश तीन, पाया चारसंगं, अजिबात नाही. नवीन माणूस तो तक्ता बघून विचारायचा की इथं सोयरिकी जुळवतात का. अप्पा म्हणायचे, “व्हय. आन् मोडल्या तर आमी सोडवाया जातो.”

अजून तयार होत असलेल्या व्हर्जनच्या आकड्यापुढे ते ‘क’ लिहायचे. क म्हणजे कच्चं. आणि त्यांचा कायदा असा की कच्च्याच्या जिवावर पक्कं सोडायचं नाही. आधी पाया पक्का करायचा, त्याचा क खोडायचा, मग एकेका प्रोग्रामच्या कागदावर पायाचा नवा आकडा घालायचा, तो चालवून बघायचा, मगच सीडी. “थोरल्याच्या आधी धाकट्याचं लगीन न्हाई,” असं म्हणायचे. स्वतः अप्पांचं लग्नच झालेलं नव्हतं, पण हे त्यांना तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा जावेदभाई म्हणाले, आणि नंतर स्वतःच चहा मागवला.

मला ह्या ऑफिसात कसं घेतलं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय अप्पा कळायचे नाहीत. मी किनवटच्या रानातल्या गावची. आठवीत शाळा सुटली. लातुरात मावशीच्या ओळखीनं पोरांच्या खानावळीत लागले. रोज साठेक डबे भरायचे, त्यातले चार ह्या ऑफिसात यायचे. एक दिवस अप्पा स्वतः खानावळीच्या दारात उभे. मला वाटलं, भाजीत केस निघाला.

“डब्याची झाकणं कोण लावतं?” अप्पांनी विचारलं.

मी घाबरत म्हटलं, “मीच. काही चुकलं का?”

“दोन वर्सं झाली, एक झाकण बदललं न्हाई. साठ डबे, साठ नमुन्याचे. कसं काय लक्षात ऱ्हातं?”

मी सांगितलं की लक्षात ठेवावं लागत नाही, झाकण हातात घेतलं की कुणाचं आहे ते कळतं.

“शिकली किती?”

“आठवी. नापास न्हाई, सुटली.”

“कंप्युटर?”

“न्हाई येत.”

“ते शिकवता येतं,” अप्पा म्हणाले. “झाकणाचं शिकवता येत न्हाई.”

महिन्याभरात मी सीडी जुळवायला लागले. कुठल्या प्रोग्रामबरोबर कुठला पाया जायचा ते बघायचं, चालवून पाहायचं, डबीवर आकडा लिहायचा. सुरुवातीचं एक वर्ष मी रोज वाट बघायची की आज कुणीतरी मार्कमेमो, म्हणजे गुणपत्रिका, मागेल आणि मला दुपारच्या गाडीनं परत पाठवतील. एकदा पोस्टमन सही घ्यायला आला तरी मी आधी पिशवी उचलली. अप्पांनी मेमो कधी मागितला नाही. जावेदभाईंनी मागितला, तेव्हा अप्पा म्हणाले, “मी बघितलाय,” आणि पुढचं काम सांगायला लागले. खानावळीतले डबे त्यांनी बघितले होते, त्यामुळे ते अगदी खोटं नव्हतं.

व्हर्जनच्या आकड्यांवरून गल्लीत भांडणंही होतात. भौतिकशास्त्रवाल्या सरांना आम्ही निकाल चार पॉइंट दोन दिला. समोरच्या रसायनवाल्या सरांकडे चार पॉइंट एक. तर रसायनवाले वर चढून आले. “पालक इचारून राहिलेत. आमी काय मागं हाव का?” अप्पांनी समजावलं की दोनमधला बदल फक्त भौतिकशास्त्राच्या आकृत्यांचा आहे, तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. सर म्हणाले, “उपयोग नको. आकडा द्या.” अप्पा तीन दिवस अडून बसले. “नाव बदलून माणूस बदलत न्हाई, सर.” शेवटी जावेदभाईंनी खाली मशीनवर सुंदर सोनेरी लेबल छापलं, पाच पॉइंट शून्य, आणि जुन्याच सीडीवर चिकटवून दिलं. आठवड्यानं सरांचा फोन आला. “जावेदभाई, पाच लई जोरात पळतंय. चारमधी दम नव्हता.” अप्पांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

तर असे अप्पा. त्यांच्या तक्त्यात सगळ्यात खाली, बाकीच्यांपासून थोडी लांब, एक ओळ होती. हजेरी एक पॉइंट तीन. बाकी जगाला आम्ही हजेरी पाच देत होतो. ही एक पॉइंट तीन एकाच गिऱ्हाइकाकडे होती, औशाच्या पलीकडे कुठंतरी. पायाचं नवं व्हर्जन आलं की अप्पा ह्या म्हाताऱ्या हजेरीला त्याच्याशी जोडायला बसायचे. नवा पाया नावं वेगळ्या पद्धतीनं ठेवतो, जुनी हजेरी वेगळ्या पद्धतीनं मागते, मग मधे जोड बनवायचा. त्यात आठ-आठ दिवस जायचे. जोड बसला की कोपऱ्यातल्या जुनाट संगणकावर ती चालवून बघायची. मी पडद्यावरची नावं वाचायची आणि अप्पा म्हणायचे ‘हजर’. मी ‘हजर’ची कळ दाबायची. काही नावांना अप्पा म्हणायचे ‘पुढं’. तिथं काही दाबायचं नाही, रकाना रिकामा सोडून खाली जायचं. मला वाटायचं, रिकामं सोडलं तर चालतं का, हे तपासत असतील. सव्वीस नावं. दोन वर्षांत ती मला पाठ झाली.

त्या मे महिन्यात पाया सहा तयार झाला आणि त्याच वेळी मोठं गिऱ्हाईक आलं. नांदेडला तीन शाखा, लातुरात दोन. त्यांना चारही प्रोग्राम प्रवेशाच्या आधी, म्हणजे जून लागायच्या आत हवे होते. एक दिवस उशीर झाला तर ते पुण्याच्या कंपनीकडे जाणार होते. चारही प्रोग्राम पाया सहावर नीट बसले. राहिली फक्त ती खालची ओळ, आणि सगळा तक्ता पटल्याशिवाय अप्पा एकही सीडी बाहेर सोडत नसत.

“अप्पा, तुमचं सगळं बरोबर है,” जावेदभाई म्हणाले, “पण जून कुणासाठी थांबत नाही. एका गिऱ्हाइकासाठी आठ दिवस? सोडून द्या एक पॉइंट तीन. नवीन देऊन टाका त्यांना.”

“त्येला नवी चालत न्हाई.”

“मग तक्त्यातून काढा.”

अप्पा तक्त्याकडे बघत म्हणाले, “ती वळ ज्या दिवशी उतरली, त्या दिवशी मीबी हितनं उतरलो समजा.”

जावेदभाईंना वाटलं गंमत आहे. दुसऱ्या दिवशी अप्पांनी टेबलाचा खण रिकामा करायला घेतला, तेव्हा गंमत नाही हे कळलं. ऑफिसात मला ओळखणारा माणूस एकच होता. तो गेला की माझ्या आठवीची विचारपूस व्हायला किती वेळ लागणार?

सोमवारी अप्पा नांदेडच्या शाखांमधले संगणक बघायला गेले. जावेदभाईंनी मला बोलावलं आणि हजेरी पाचची सीडी हातात दिली. “शेवंता, तू जा त्या गिऱ्हाइकाकडे. नवीन बसवून ये. एकदा बसली की अप्पा काय करणार? राहतील. त्यांना ठेवायचं असेल तर हाच रस्ता है.”

मला अप्पा हवे होते. मी सीडी पिशवीत टाकली आणि एसटी धरली.

गाव पुनर्वसनातलं होतं. सरळ रुंद रस्ते, एकासारखं एक घर, घरांना नंबर. पत्ता विचारला की लोक बोटानं ओळ मोजून दाखवत होते. गिऱ्हाईक म्हणजे शाळा निघाली. सुट्टीची बंद शाळा. दगडूमामा नावाचे म्हातारे शिपाई किल्ल्या घेऊन आले.

“मन्मथनं धाडलं व्हय?” मामांनी विचारलं.

मी हो म्हटलं. एवढं मोठं खोटं मी त्याआधी बोलले नव्हते.

खोलीत कोपऱ्यात संगणक, वर धुतलेल्या धोतराचं झाकण. मी सुरू केला. एक पॉइंट तीन उघडली आणि पडद्यावर माझी पाठ असलेली सव्वीस नावं आली. मला वाटत होतं ती अप्पांनी तपासणीसाठी मनानं बनवलेली आहेत. सवयीनं मी पहिलं नाव मोठ्यानं वाचलं. “लक्ष्मण.”

“पुण्याला. कंपनीत हाय,” मामा दारातून म्हणाले.

मी चमकून बघितलं. मग पुढचं वाचलं. “शोभा.”

“बार्शीला दिली. दोन लेकरं.”

“महानंदा.”

मामांनी किल्ल्यांचा जुडगा ह्या हातातून त्या हातात घेतला. “ती मन्मथची भन. धाकटी,” म्हणाले. “त्या राती घरात आय, बा आन् ती, तिघंबी व्हते. ह्यो एकटा नांदेडला, कॉलेजात.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. अप्पा सुट्टीत जुन्या गावी यायचे तेव्हा पोरं गोळा करून त्यांना गणित शिकवायचे. हजेरी मांडायचे एका वहीत. ती वही संगणकावर घालायची म्हणून एकदा नांदेडला घेऊन गेले. तो त्यांचा पहिला प्रोग्राम. त्याच महिन्यात भूकंप झाला. गावात कागदाचा कपटा राहिला नाही, वही तेवढी राहिली. सव्वीसातली नऊ पोरं गेली.

“दर पंधरा दिसाला ऐतवारी येतो,” मामा म्हणाले. “हितं बसून येकेकाला फोन लावतो. हजर का म्हून इचारतो. लक्षुमन म्हनला, सर, मी ड्युटीवर हाव, सायेब बघून राहिला. तर ह्यो म्हनतो, मंग हळू म्हन, पर म्हन.”

मामा हसले. मीही हसले, पण हसू नीट आलं नाही.

मग मी सीडी लावली. मूळ फाइलीवर नाही, कॉपी काढून तिच्यावर. हजेरी पाचनं आधी हजर असलेली सतरा नावं घेतली आणि रिकाम्या रकान्यांतल्या पहिल्या, महानंदाच्या नावावर थांबली. पडद्यावर चौकोन आला. ‘नाव कमी करण्याचे कारण निवडा.’ खाली चार कारणं. दुसऱ्या क्लासला प्रवेश घेतला. गाव बदलले. शिक्षण सोडले. उत्तीर्ण झाला. एक निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. हा चौकोन मीच तपासला होता. चालतंय असं मीच सांगितलं होतं, आणि क्लासवाल्यांना तो फार आवडला होता.

मी सीडी काढली, कॉपी पुसली, संगणकावर धोतर परत पांघरलं. मामांनी चहा केला.

लातुरात आल्यावर जावेदभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सीडी परत घेऊन खणात ठेवली. मग म्हणाले, “तेव्हा बेपत्ता लोकांच्या याद्या आमच्याच प्रेसमधे छापल्या होत्या. अब्बा कंपोज करायचे, मी कागद मोजायचो.” खालून मशीनचा आवाज येत होता. “पण शेवंता, जून येणारच.”

मंगळवारी अप्पा आले. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की मी गेले होते, नवी सीडी घेऊन गेले होते, तुम्हाला न विचारता. अप्पांनी ऐकून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न असा, “मूळ फाइलीला हात लावला का कॉपीला?”

“कॉपीला.”

“मग बस.”

मी बसले. मग मनात जे एसटीत जुळवलं होतं ते बोलले. “अप्पा, एक पॉइंट तीनला पाया सहा कशाला पाहिजे? तिचा जुना पाया एक तिच्यासंगंच ठेवून द्या ना त्या संगणकावर. त्या दोघांचं पहिल्यापासून पटतंय. नवं तिला शिवणारच नाही, तर जोड कशाला? आठ दिवस वाचतात आणि तिचंही काही बिघडत नाही.”

अप्पांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मला वाटलं आपण फार शहाणपणा केला.

“मला ते म्हाईत न्हाई व्हय?” ते म्हणाले. “पहिल्या सालापासून म्हाईत हाय.”

“मग दर वेळी आठ दिवस कशासाठी?”

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “नव्या पायासंगं जोडली, तर चालवून बघावी लागती. चालवून बघायची तर कुणीतरी नावं वाचावी लागतेत.” चष्मा परत घातला. “तिकडं मी येकटाच वाचतो. तू बरं वाचतीस.”

जावेदभाई दारातून मागे फिरले. ते कधी आले होते ते मला कळलं नाही.

दुपारी अप्पांनी खुर्चीवर चढून खालच्या ओळीत स्वतःच्या हातानं लिहिलं, पाया एकसंगं, कायम. रिकामा केलेला खण परत भरला. नांदेडच्या सीड्या मेअखेरीस गेल्या. त्या शाखांमधून पहिल्याच आठवड्यात चौदा तक्रारी आल्या, म्हणजे लोक खरोखर चालवून बघत होते, आणि अप्पा इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना भजी आणली.

त्यानंतरच्या खेपेला पायात बारीकसा बदल होता. सगळे प्रोग्राम तपासून तीन दिवस आधीच काम संपलं. दुपारचं ऑफिस रिकामं. अप्पा तक्त्यापुढून दोनदा येऊन गेले, कोपऱ्यातला जुना संगणक उगाच पुसला. मग खुर्ची ओढून म्हणाले, “शेवंता, तुमच्या आश्रमशाळेत आठवीला किती जनी व्हत्या?”

“एकवीस.”

“नावं येतेत?”

येत होती. मी सांगत गेले, अप्पा एक पॉइंट तीनमधे नवा वर्ग उघडून घालत गेले. गोंडी नावं त्यांना ऐकू नीट येत नव्हती, दोन-दोनदा विचारत होते. मी वीस सांगून थांबले.

“येकविसावी?”

“ती मीच. पण माझं नाव कमी केलं होतं. बाईंनी लाल रेघ मारली होती.”

“कारण काय लिवलं?”

“शिक्षण सोडले.”

“सोडलं का सुटलं?”

अप्पांनी शेवंता असं टाइप केलं, कारणाचा रकाना रिकामा सोडला आणि आपला मोबाइल माझ्यापुढे सरकवला. “ह्यातल्या कुनाचा नंबर हाय का?”

“दोघींचा आहे. पण सहा वर्षं बोललेच नाही. काय बोलू?”

“दोघी लई झाल्या. लाव.”

मी जंगूबाईचा लावला. वसतिगृहात तिचं अंथरूण माझ्या शेजारी असायचं. पलीकडे लेकरू रडत होतं, भांडं पडल्याचा आवाज आला, आणि त्यातून जंगूबाई वैतागून म्हणाली, “कोण बोलून राहिलं?” मी फोन दुसऱ्या कानाला लावला. अप्पांचं बोट ‘हजर’च्या कळीवर तयार होतं. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “इचार. हजर का म्हून.”